साड्यांखालची वही

मावशी,
मी मोहन नगरला राहते. आमचे हे रेल्वेत आहेत, मी बऱ्याच वर्षांपासून चर्चमध्ये संडे स्कूल घेते. एकुलता एक मुलगा बीएस्सी फिजिक्सच्या सेकंड इयरला आहे आणि कॉलेजनेच त्याला बिघडवलं असं माझं स्पष्ट मत आहे. चर्चला येतो पण शेवटच्या बाकावर बसतो, प्रभुभोजन घेत नाही. घरी वडिलांशी वाद, देव आहे कशावरून, पुरावा दाखवा, असलं. मी 'न पाहता विश्वास ठेवणारे धन्य' हे वचन सांगते तर हसतो. पाळकसाहेब घरी येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून गेले, मुकाट बसून होता. गुड फ्रायडेच्या आठवड्यात त्याने माझ्या बायबलमध्ये एक वही ठेवली होती, त्यात असलेच प्रश्न, पहिलाच वाचला की देवाला मी उद्या काय करणार ते आधीच माहीत आहे तर मग मी ते करायला मोकळा कसा, आणि माझे हातपायच गळाले, यांच्या हाती लागू नये म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवून दिली. मे महिन्यापासून तर तो वादही घालत नाही, जेवतो आणि खोलीत जातो, त्याची मला जास्त भीती वाटते. मी शुक्रवारचा उपास धरलाय. पाळकसाहेबांच्या मिसेस म्हणतात संत ऑगस्टीनची आई मोनिका वर्षानुवर्षं रडली तेव्हा तिचा मुलगा परत आला, तूही रडत राहा. हे म्हणतात पुढच्या वर्षीची फीच भरत नाही. त्याला कोणतं पुस्तक देऊ ते सांगा.
— एक आई, नागपूर

ताई,

बाकी सगळं नंतर, आधी ती वही. तुम्ही तिच्यावर एक वाक्य खर्च केलं आणि लगेच उपासावर गेल्या, मी मात्र तिथेच अडकले. पोराने ती वही कुठे ठेवली? टेबलावर नाही, बापाच्या उशाशी नाही, इन्स्टावर तर नाहीच नाही, तुमच्या बायबलमध्ये ठेवली. त्याला पक्कं ठाऊक होतं की तिथे ती दुसऱ्या कोणाच्या हाती लागणार नाही, तुमच्याच लागेल, आणि आठवडाही असा निवडला की ज्यात तुम्ही ते उघडणार म्हणजे उघडणारच. ज्या पोट्ट्याला देवाशी काही घेणंदेणं उरलं नाही तो एवढा खटाटोप काहून करेल हो? तो रविवारी दहा वाजेपर्यंत झोपून राहील, विषय संपला.

आणि तुम्ही काय केलं तर पहिला प्रश्न वाचून वही साड्यांखाली. तुमचं पत्र पोळ्याच्या आदल्या दिवशीचं आहे, म्हणजे चार-पाच महिने झाले. त्याने रोज तुमच्या तोंडाकडे पाहिलं असेल, आज आई काही बोलेल, उद्या बोलेल, ईस्टर झाला, एप्रिल गेला, आणि मे महिन्यात पोरगा गप्प झाला. अवो माय, भीती कशाची वाटून राहिली, त्याला उत्तर मिळालं नं! त्याने विचारलं आणि आईने ब्र काढला नाही, त्याच्यापुरतं तेच उत्तर. तुम्ही उपास करता, रडता, अख्खी मंडळी तुमच्यासाठी हळहळत असेल, मी हळहळणार नाहीये. त्या घरात प्रश्नाकडे पाठ फिरवणारं माणूस कोणी असेल तर ते तुम्ही आहात. बाप निदान भांडला तरी.

आता मोनिकाचं. मिसेसनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. ऑगस्टीन म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकातला मोठा ख्रिस्ती विचारवंत, त्याने 'कन्फेशन्स' या आपल्या आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवलंय, तो तरुणपणी मानी नावाच्या माणसाच्या पंथात गेला होता तेव्हा मोनिका एका बिशपकडे गेली की माझ्या पोराला जरा समजवा. हा बिशप लहानपणी त्याच पंथात वाढलेला, त्यांची पुस्तकं त्याने वाचली तर होतीच पण हाताने उतरवूनही काढली होती. तो म्हणाला, राहू दे त्याला, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल चूक कुठे आहे ते, तू प्रार्थना कर. बाई काही ऐकेना, रडत मागेच लागली, तेव्हा तो वैतागून म्हणाला जा बाई आता, एवढ्या आसवांचा मुलगा वाया जायचा नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं, की पोराला वाचू दे, ते कोणी सांगत नाही.

आणि पुढचं तर मुळीच नाही. 386 साली मिलानजवळ कॅसिसियाकम म्हणून जागा होती, तिथे एका मित्राच्या शेतावरच्या घरात ऑगस्टीन आपला मुलगा, भाऊ आणि काही विद्यार्थ्यांना घेऊन राहिला. रोज चर्चा, सुख कशात आहे, जगात वाईट आहे तर मग देवाची व्यवस्था कुठे गेली, आणि जे बोलणं होई ते लिहून घेतलं जाई. मोनिका तिथेच होती. घर बघायची आणि चर्चेतही बसायची. एकदा ती आत आली आणि विचारलं, कुठवर आलं तुमचं? ऑगस्टीन म्हणाला हिचं येणं आणि हिचा प्रश्न, दोन्ही लिहून घ्या. ती चपापलीच, तुमच्या त्या पुस्तकांत बायांना असल्या चर्चेत घेतात असं मी तर कधी ऐकलं नाही, म्हणाली. ते वाक्यसुद्धा लिहून ठेवलेलं आहे, आजही वाचायला मिळतं. तोवर ऑगस्टीनचा निर्णय झालेला होता हे खरंय, पुढच्या ईस्टरला, 387 मध्ये, त्याने मिलानच्या बिशप अँब्रोझच्या हातून बाप्तिस्मा घेतला, म्हणजे आईच्या चर्चेत बसण्याने तो परत आला असं काही मी तुम्हाला विकत नाहीये. पण तुम्हाला जर मोनिकाच व्हायचं असेल तर अख्खी व्हा. रडण्याचा भाग तुमचा झालाय, बसण्याचा राहिलाय.

कॉलेजने बिघडवलं, हे तर नागपूरकराने म्हणूच नये. स्टीफन हिस्लॉप 1845 साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी म्हणून या गावात आला, शाळा चालवली, प्रभूचं वचन सांगत फिरला आणि त्याच पायांनी टाकळीच्या बाजूला दगडांतले जीवाश्म शोधत फिरला. हंटर म्हणून त्याचा मिशनमधलाच जोडीदार, दोघांनी मिळून नागपूरच्या भूगर्भावर लिहिलेला लेख 1855 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहून परत येताना तो पुराच्या पाण्यात बुडून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज 1883 चं, त्यावरून तुम्ही कितीदा गेल्या असाल. कोट्यवधी वर्षांचे शंख-शिंपले हातात घेऊन तो माणूस उपासना चालवत होता. आणि तुमचा पोरगा फिजिक्सने बिघडला म्हणता!

बरं, तो पहिला प्रश्न. तुम्हाला वाटलं पोराने देवावर दगड भिरकावला. हा प्रश्न कोणी कोणी विचारलाय माहीत आहे का? बोएथियस नावाचा एक रोमन माणूस, मोठ्या हुद्द्यावरचा, राजाची मर्जी फिरली, तुरुंगात टाकला, 524 च्या सुमारास मारला गेला. मरण समोर असताना तुरुंगात बसून त्याने जे लिहिलं त्यात अगदी हाच प्रश्न आहे, देवाला सगळं आधीच माहीत असेल तर माणूस मोकळा कसा. त्याचं म्हणणं असं की 'आधी' हा शब्द आपल्यासाठी आहे, देवासाठी आधी-नंतर काही नाही, त्याच्यासमोर सगळं एकदमच आहे, आणि कोणी पाहतंय म्हणून चालणाऱ्याला चालावं लागतं असं थोडीच आहे. पुढे तेराव्या शतकात थॉमस ॲक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने तेच उंचावर उभ्या माणसाचं उदाहरण देऊन सांगितलं. आपल्याकडे समजा कोणी सीताबर्डीच्या टेकडीवर उभा आहे, खाली रस्त्यावरच्या माणसाला आपल्या मागून कोण येतंय ते दिसत नाही, वरच्याला पुढची-मागची सगळी वाहनं एकाच वेळी दिसतात, पण म्हणून व्हरायटी चौकात कोण कुठे वळणार हे काही तो ठरवत नाही. तुमचा मुलगा हुशार आहे, तो लगेच म्हणेल, पण त्याने मला डावीकडे वळताना पाहिलेलंच आहे तर मी आता उजवीकडे वळू शकतो का? म्हणू द्या. मोठमोठे तत्त्वज्ञ आजही यावर भांडून राहिलेत, ख्रिस्ती तत्त्वज्ञसुद्धा. त्या भांडणात तुमच्या मुलाला जागा आहे, तुम्हालाही आहे.

ॲक्वायनसचं आणखी एक सांगते कारण ते थेट तुमच्या साड्यांखालच्या वस्तूबद्दल आहे. त्याचा जो भला मोठा ग्रंथ आहे, 'सुम्मा थिओलॉजिए', त्यात प्रत्येक मुद्दा आपल्या विरुद्ध बाजूने सुरू होतो. देव आहे का, या प्रश्नाखाली तो सगळ्यात आधी काय लिहितो तर देव नाही असं वाटायची कारणं. एक, जगात एवढं वाईट आहे. दोन, निसर्गाचं सगळं निसर्गानेच समजावता येतं, मग देवाची गरज काय. हे नीट मांडून झालं की मग स्वतःचं उत्तर, आणि मग त्या एकेका आक्षेपाला जबाब. कारणांनी कुठवर जाता येतं आणि त्रैक्यासारख्या गोष्टी, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा मिळून एकच देव, प्रकटीकरणाशिवाय, देवाने स्वतः उघड केल्याशिवाय, का कळत नाहीत हेही त्याने वेगवेगळं करून ठेवलंय. म्हणजे ज्याला चर्चने संत केलं त्या माणसाच्या पानाचा वरचा अर्धा भाग तुमच्या पोराने लिहून दिलाय आणि खालचा अर्धा रिकामा आहे.

तुम्ही म्हणाल हे सगळं कॅथलिकांचं, त्यांच्याकडे तर फादर होणाऱ्या पोरांना थिऑलॉजीसोबत निदान दोन वर्षांचं तत्त्वज्ञान शिकवावं असा कायदाच आहे, आपलं तसं नाही. ठीक आहे, आपल्या प्रोटेस्टंटांचा ल्यूथर घ्या. त्याने बुद्धीला काय काय शिव्या घातल्यात ते मला माहीत आहे. पण 1521 मध्ये जर्मनीतल्या वर्म्सला बादशहापुढे उभं केलं, चर्चविरुद्ध लिहिलेलं मागे घे म्हणाले, तेव्हा तो म्हणाला शास्त्राच्या आधाराने किंवा स्पष्ट कारणं देऊन मला पटवा, नाहीतर मागे घेत नाही. पटवा, म्हणाला. तुमचा पोरगा दुसरं काय म्हणून राहिलाय?

आणि ते वचन त्याच्या तोंडावर फेकणं बंद करा. 'न पाहता विश्वास ठेवणारे धन्य', हो, आहे, योहानाच्या विसाव्या अध्यायात. पण प्रभूने ते कधी म्हटलं? जखमा पाहिल्याशिवाय प्रभू पुन्हा उठला हे मानणार नाही म्हणणाऱ्या थोमा या शिष्याला त्या दाखवून झाल्यावर, तुझं बोट इकडे आण म्हटल्यावर. तुम्ही दाखवायच्या आधीच ते वाक्य म्हणता, मग पोरगा हसणार नाही तर काय करेल. संडे स्कूलच्या लेकरांनाही थोमा शिकवताना जरा बघून शिकवा, तो मानत नव्हता त्या आठ दिवसांत बाकीच्या शिष्यांनी त्याला खोलीबाहेर काढलं नव्हतं.

तर पुस्तक मी सांगणार नाही. आज रात्री जेवणं झाली की कपाट उघडा, वही काढा, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. हातपाय गळतील, गळू द्या. आणि मला एक दाट संशय आहे ताई, पहिला प्रश्न वाचून तुम्ही ज्या घाबरल्या त्या पोरासाठी नाही. तो प्रश्न तुम्हालाही कधीतरी पडला असेल, कोणाच्या आजारपणात, कोणाच्या मयतीत, आणि तुम्ही तो कोणालाच विचारला नसेल. असं असेल तर तेच लिहा. पेन घ्या आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नाखाली तुमच्या अक्षरात तुमचं खरं म्हणणं लिहा, शुद्धलेखन गेलं चुलीत. जिथे माहीत नाही तिथे मला माहीत नाही असं लिहा. जिथे विश्वास आहे पण कारण देता येत नाही तिथे तसंच लिहा. जिथे वचन लिहावंसं वाटेल तिथे आधी ते तुम्हाला का पटतं ते लिहा आणि मगच वचन. वर, एवढा उशीर झाला त्याची माफी एका ओळीत, जास्त नाही, त्याला तुमचं रडणं नकोय, उत्तर हवंय. लिहून झाली की त्याच्या हातात द्या, टेबलावर ठेवून पळून जाऊ नका, आणि तो वाचेल तोवर तिथेच बसा.

पाळकसाहेबांना यात तूर्त घेऊ नका, ते भले माणूस असतील पण हे प्रश्न त्यांच्या बायबलमध्ये ठेवलेले नव्हते. आणि फी भरा. तुमच्या ह्यांना सांगा मावशीने सांगितलंय, शेवटच्या तारखेच्या आत भरा, उगाच लेट फी द्यायची काही गरज नाही.