कुळकायद्यामुळे कसणाऱ्याला खरंच जमीन मिळाली का?

हो मिळाली, पण सगळ्यांना नाही, ज्याचं नाव कागदावर कूळ (दुसऱ्याची जमीन खंडाने, म्हणजे भाड्याने, कसणारा) म्हणून लागलेलं होतं त्यालाच. १९४८ च्या कुळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने मालक मानला गेला, मग कलम ३२ग ची चौकशी होऊन किंमत ठरायची, साध्या कुळाला आकाराच्या (जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या) २० ते २०० पट आणि कायम कुळाला खंडाच्या ६ पट, म्हणजे गरिबाला हप्त्याने झेपेल अशी. ती भरली की कलम ३२म चं, म्हणजे जमीन खरेदीचं, सर्टिफिकेट. मी जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) वाचायचं काम करतो, त्यात हे सगळं दिसतं, आणि दुसरी बाजू पण दिसते: कृषक दिनाच्या आधीच 'कुळाने राजीखुशीने कब्जा सोडला' अशी एक ओळ आणि खाली अंगठा. किती जणांची राजीखुशी खरी असेल! जो फक्त मजुरीवर राबत होता त्याला तर या कायद्याने काहीच दिलं नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' (याच कायद्याचं कलम) असेल तर ती परवानगीशिवाय विकता येत नाही, पण २०१४ पासून ३२म चं सर्टिफिकेट मिळून १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा (सरकारला द्यायची रक्कम) भरून विकता येते.

हे पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेशापुरतं, विदर्भ मराठवाड्याचे कुळकायदे वेगळे आहेत.