जुन्या मॉरिस मायनरचा पुढचा खडखडाट: शॉकआधी ट्रनियन पाहावा

आजोबांची १९५७ सालची मॉरिस मायनर खड्ड्यातून जाताना पुढे डाव्या बाजूला खडखडते आणि मेकॅनिक फक्त शॉक अॅब्सॉर्बर बदलायला सांगतो, तर तेवढ्याने भागेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, खालचा ट्रनियन (चाकाची उभी पिन ज्यात आट्यांवर फिरते तो सांध्याचा भाग) तपासल्याशिवाय शॉकवर एक रुपयाही घालू नये.

या गाडीला पुढे कॉइल स्प्रिंग नाही. गाडीच्या लांबीत बसवलेला टॉर्शन बार पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करतो आणि लिव्हर-आर्म शॉकचा हात हाच चाकाला धरणारा वरचा आर्म असतो. चाक ज्या उभ्या स्विव्हल पिनवर वळते (आपल्याकडे तिला सरसकट किंगपिन म्हणतात), तिच्या दोन्ही टोकांना आटे असून ती ट्रनियनमध्ये स्क्रूसारखी फिरते. खालच्या आट्यांवर गाडीचा भार असतो. ते झिजले की पिन निसटते आणि चाक आडवे होते. माझ्या गाडीचे मंगळवार पेठेतल्या एका बोळात असेच झाले. स्टीअरिंग पूर्ण वळवून माणसाच्या चालीने गाडी मागे घेत होतो, म्हणून निभावले. पन्हाळ्याच्या उतारावर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. चूक माझीच होती, कारण ग्रीस भरायच्या निपलला ग्रीसगन लावून चार झटके मारायचो, पण ग्रीस पलीकडून बाहेर येते की नाही, हे कधी पाहिले नव्हते. उघडले तेव्हा आत चिखल मिसळून राखाडी झालेला कोरडा गोळा होता आणि आट्यांच्या कडा ब्लेडसारख्या पातळ झाल्या होत्या.

तपासण्यासाठी चाक उचलून टायर वर आणि खाली धरून हलवावा, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर दोष व्हील बेअरिंगचा. राहिला तर ट्रनियनचा किंवा शॉकच्या शाफ्टचा, आणि तो नेमका कुठे हलतो, हे टॉर्च लावून पाहिल्यास दिसते.

उद्यमनगरात लेथवर काय वाटेल ते करून मिळते, याचा कोल्हापूरकर म्हणून मलाही अभिमान आहे. तरीही स्विव्हल पिन तिथे साध्या लोखंडातून करून घेऊ नये, की जुन्या पिनवर वेल्डिंगचा भर देऊ नये. पिन आणि ट्रनियन नवे, जोडीनेच मागवावेत. एका बाजूचे आटे सुलट आणि दुसऱ्या बाजूचे उलट असतात, त्यामुळे मागवताना डावी-उजवी बाजू स्पष्ट लिहावी.

खोलताना गाडी स्टँडवर घेऊन खालच्या आर्मला दुसऱ्या जॅकचा आधार द्यावा, कारण टॉर्शन बारमधला पीळ एकदम सुटला तर हात जायबंदी होऊ शकतो. बार काढावेच लागले, तर त्यांवर खूण करावी. वापरलेल्या बारला एकाच दिशेच्या पिळाची सवय झालेली असते, त्यामुळे त्यांची अदलाबदल चालत नाही. आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे नट मात्र चाके जमिनीवर टेकून गाडीचा भार आल्यावरच शेवटचे आवळावेत. अधांतरी आवळलेले बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

ग्रीस चाक लटकते ठेवूनच भरावे आणि स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत थांबू नये. पावसाळ्यात मी हे दर महिन्याला करतो. एवढे झाल्यावर, शॉकमधून तेल गळत नसेल, शाफ्ट ढिला नसेल आणि शॉकचा हात वर-खाली करताना सलग विरोध जाणवत असेल, तर जुना शॉक तसाच राहू द्यावा.