पाण्यात उतरायचं राहून गेलं, तर तारण नाही?

प्रश्न: माझे सासरे मूळचे ख्रिस्ती नव्हते. पाच-सहा वर्षं आमच्याबरोबर चर्चला यायचे, रोज प्रार्थना करायचे, ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचं ठरलं होतं, पांढरा शर्ट इस्त्री करून कपाटात ठेवलेला, आणि दहा दिवस आधी हार्ट अटॅकने गेले. आता जाऊबाई म्हणतात, बाप्तिस्मा नाही म्हणजे तारण (पापातून सुटका) नाही, बायबलमधलं मार्क १६:१६ वाच. खरंय का? आणि त्यांच्या नावाने दुसऱ्या कुणी घेतला तर चालतो का?
– एक सून, नगर

उत्तर: ताई, जाऊबाईंनी दाखवलेलंच वचन शेवटपर्यंत वाचा. पहिल्या अर्ध्यात विश्वास आणि बाप्तिस्मा दोन्ही आहेत, पण दुसऱ्या अर्ध्यात शिक्षा कुणाला, तर विश्वास न धरणाऱ्याला. बाप्तिस्मा राहिलेल्याबद्दल तिथे एक शब्द नाही. (सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत मार्कचं पुस्तक १६:८ लाच संपतं, पण तो वाद आत्ता नको.)

तरी जाऊबाई अगदीच काहीतरी बोलतायत असंही नाही. योहान ३:५ मध्ये देवाच्या राज्यात जायला पाणी आणि आत्मा दोन्ही लागतात असं आहे. कॅथलिक चर्च तर तारणासाठी बाप्तिस्मा गरजेचाच मानतं, इतका की कुणाचा जीव जात असेल आणि त्याची इच्छा असेल तर हॉस्पिटलमधली नर्ससुद्धा, ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी, चर्च जे करतं तेच करायचा हेतू मनात धरून डोक्यावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. पण गंमत बघा, तेच चर्च 'इच्छेचा बाप्तिस्मा' पण मानतं, म्हणजे तयारी चालू असताना, पश्चात्ताप केलेला माणूस गेला तर त्याची ती इच्छाच धरली जाते. तुमच्या सासऱ्यांची केस हीच की!

आपल्याकडचे बरेच प्रॉटेस्टंट पाळक वधस्तंभावरचा चोर सांगतील, येशूशेजारी मरताना ज्याला येशूने सुखलोकाचं वचन दिलं तो. तो कुठल्या बाप्तिस्म्याच्या टाकीत उतरला होता? मला मात्र रोमी शताधिपती कर्नेल्य जास्त पटतो, प्रेषितांची कृत्ये १०. येशूचा शिष्य पेत्र याचं बोलणं चालू असतानाच कर्नेल्याच्या घरातल्यांवर पवित्र आत्मा उतरला, पाणी नंतर. पण पेत्र 'आता कशाला' म्हणाला नाही, बाप्तिस्मा द्यायलाच लावला, म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी टाळू नये असं माझं मत. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती पंथात तर पाण्याचा बाप्तिस्माच नसतो, त्यांना अविश्वासी कोण म्हणेल?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि पुढे त्यांनीच लिहिलं की तेव्हा ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायला अजून आठेक वर्षं गेली. त्यांचं पाणी आधी झालं, तुमच्या सासऱ्यांचा विश्वास आधी.

मृताच्या नावाने बाप्तिस्म्याचा उल्लेख १ करिंथ १५:२९ मध्ये आहे, पण पौल तो घ्या असं सांगत नाही, आणि मॉर्मन लोक सोडले तर आपल्या ओळखीच्या चर्चेसमध्ये तसं कुणी करत नाही, तेव्हा ते नको. पाळकसाहेबांना सांगून घरी स्मरणार्थ प्रार्थना ठेवा, आणि जाऊबाईंनाही आठवणीने बोलवा.