साळ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन राहायचं की नाही, हे गजानन महाराजांपुढे चिठ्ठ्या टाकून ठरवू का?

नाही, चिठ्ठ्या टाकू नका. महाराजांपुढे जरूर बसा, पण 'हो की नाही' विचारू नका, सुबुद्धी मागा. गायत्री मंत्रातही मागणं तेच आहे, आमच्या बुद्धीला प्रेरणा दे. गीतेत तर सगळं सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला म्हणतात, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर (१८.६३). देव स्वतः सारथी असतानाही निर्णय अर्जुनाचाच राहिला! गावातल्या सायंप्रार्थनेला नेमानं बसतो, त्या अनुभवानं सांगतो, मन निवलं की भीड कोणती आणि माया कोणती हे वेगळं दिसायला लागतं. तेव्हा बँकेचे कागद समोर घ्या अन् स्वतःला विचारा, साळ्यानं हप्ता थकवला तर माझ्या कापसाच्या पैशातून तो भरण्याची माझी ऐपत आहे का? कारण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बायकोशीही मोकळं बोला. भाऊ तिचा आहे, अन् झळ लागली तर तिच्याच चुलीला लागणार. एवढं मात्र खरं की, दोन्ही वाटा सारख्याच बऱ्या असतील आणि कुणाचं नुकसान नसेल, तिथं चिठ्ठीला हरकत नाही. आधी कोणतं वावर डवरायचं, यासाठी खुशाल टाका.