'अमूर्त चित्र' भिंतीवरून पुढे आलं तर त्याला काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की अमेरिकन चित्रकार एल्सवर्थ केलीचं १९५१ चं 'कलर्स फॉर अ लार्ज वॉल', जे न्यूयॉर्कच्या मोमामध्ये (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) आहे, ते ६४ सुटे कॅनव्हास जोडून केलंय, तर त्याला मराठीत अमूर्त चित्र म्हणायचं, अमूर्त शिल्प म्हणायचं की 'शिल्पचित्र' असा नवा शब्द करायचा?

माझं मत, 'चित्र'च म्हणा. आधी काम नीट बघू. आठ बाय आठची मांडणी, एकेक कॅनव्हास साधारण फूटभराचा आणि प्रत्येकावर एकच रंग. दोन रंगांच्या मधे ब्रशने मारलेली रेघच नाही, जिथे कॅनव्हास संपतो तिथेच रंग संपतो, म्हणजे रेषेचं काम वस्तूच्या कडेनं केलंय. म्हणूनच ते शिल्पासारखं वाटतं.

अडचण 'अमूर्त' या शब्दाची आहे. मूर्त, मूर्ती आणि मूर्च्छा हे सगळे मूर्छ् या एकाच धातूतले, त्याचा एक अर्थ थिजणं, घट्ट होणं. सपाट चित्राला 'अमूर्त' म्हणताना कुणाला खटकत नाही, पण वजन असलेली, कड असलेली, हाताला लागणारी वस्तू अमूर्त कशी? अशा ठिकाणी मला 'अप्रतिरूप' जास्त बरोबर वाटतो, कारण तो एवढंच सांगतो की हे कशाची प्रतिकृती नाही, वस्तू खुशाल घट्ट असू दे.

आता 'चित्र'. आपण त्याचा अर्थ पेंटिंग एवढाच करून बसलोय, पण जुन्या शिल्पग्रंथांत चित्र म्हणजे चहूबाजूंनी घडवलेली मूर्ती, अर्धचित्र म्हणजे भिंतीतून अर्धवट उठून आलेलं काम, आणि रंगवलेल्या सपाट चित्राला म्हणायचे चित्राभास! मला हे फार आवडतं. म्हणजे भिंतीवरून पुढे येणारं चित्र आपल्या भाषेला नवीन नाहीच, उलट सपाट चित्रालाच तिथे 'आभास' म्हटलंय.

राहिला इंग्रजी शब्द 'मॉड्युलर', म्हणजे सुट्या भागांचं, तोही अशा कामासाठी सुचू शकतो. मॉड्युलर किचनमुळे तो सगळ्यांना कळतो, पण त्यात भाग हलवून बदलता येतील असा वास आहे आणि केलीची मांडणी ठरलेली आहे, त्यामुळे मी 'जोडचित्र' म्हणेन, जोडाक्षरातला जोड, म्हणजे सुटे भाग एक होऊन नवीन काहीतरी तयार होतं तसा. चपलांच्या जोडासारखं दोनच चित्रं असं कुणाला वाटेल हे खरंय, पण वाक्यात ठेवलं की कळतं.

मात्र ब्राझीलची कलावंत लिजिया क्लार्क हिचे १९६० च्या सुमाराचे 'बिचोस' घेतले तर हा शब्द चालणार नाही. ती चित्रांतूनच तिथे पोचली, पण बिचोस म्हणजे बिजागऱ्यांनी जोडलेले धातूचे पत्रे, बघणाऱ्यानं हातानं उलटवायचे, उलटवले की आकार बदलतो. तिथे मॉड्युलरही नको आणि जोडचित्रही नको, सरळ 'बिजागरीचं शिल्प' म्हणा.