निर्दोष सुटलो, पण वकिलाच्या खर्चाचं काय?

प्रश्न : मॅडम, मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लेखा विभागात होतो. राहायला मानेवाड्याला. प्रवासभत्त्याची खोटी बिलं मंजूर केल्याच्या आरोपावरून माझ्यावर खटला भरला गेला. निवृत्तीनंतरही पेश्या चालूच होत्या. यंदा निर्दोष सुटलो. वकिलांच्या फीसाठी बायकोचे दागिने अजून बँकेत तारण आहेत. कार्यालयात विचारलं, तर म्हणाले, "सुटलात ना, मग आता काय?" हा खर्च सरकारकडून मागता येतो का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, मागता येतो आणि तुम्ही तो मागाच. "सुटलात ना" हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

केंद्रीय गृह मंत्रालयाचं ८ जानेवारी १९५९ चं एक कार्यालयीन ज्ञापन आहे. सरकारनेच खटला भरला असेल, तर बचावासाठी सरकार मदत करत नाही. मात्र निकाल कर्मचाऱ्याच्या बाजूने लागला आणि त्याला योग्य कारणाशिवाय हा त्रास सोसावा लागला अशी सरकारची खात्री झाली, तर सगळा खर्च किंवा त्यातला वाजवी भाग परत देण्याचा विचार करता येतो, असं त्यात म्हटलं आहे. शब्द "विचार करता येतो" असे आहेत. तुमची खरी लढाई इथेच आहे. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाची फी तिजोरीतून जाते आणि निर्दोष माणसाच्या घरचं सोनं तारण पडतं. माझ्या मते हा परतावा साहेबांच्या मर्जीवर नको, हक्काचा हवा. पण आज नियम असा आहे, तेव्हा अर्ज त्याच्या भाषेत बसवू.

आधी निकालपत्राची प्रमाणित नक्कल काढा आणि पेन्सिल घेऊन वाचा. "संशयाचा फायदा" देऊन सोडलं आहे, की आरोपात तथ्यच नव्हतं असं न्यायाधीशांनी लिहिलं आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये समुथिरम प्रकरणात सन्मानपूर्वक मुक्तता आणि नुसती सुटका यांत फरक केला. ते प्रकरण पुन्हा नोकरीवर घेण्याचं होतं, पण तुमची फाईल तपासणारा अधिकारीही हेच पाहील. त्या बिलांवर तुम्ही स्वतः हरकतीची टिपणी लिहिली असेल आणि न्यायालयाने तिची दखल घेतली असेल, तर तो परिच्छेद क्रमांकासकट अर्जात उतरवा. अख्खं निकालपत्र जोडून "कृपया पाहावे" एवढंच लिहिलेले अर्ज धूळ खात पडतात.

सोबत वकिलांच्या सहीच्या पावत्या, नकलांचा खर्च आणि पेश्यांच्या तारखांचा तक्ता जोडा. पावत्या नसतील तर वकिलांकडून आता लेखी प्रमाणपत्र घ्या. सरकारने अपील केलं आहे का, हे कार्यालय नक्की विचारेल. अपिलाची मुदत साधारण ९० दिवसांची असते. तेवढी उलटली असेल तर तसं नमूद करा.

निवृत्त झालात म्हणून दार बंद होत नाही. कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीवरून झालेल्या खटल्याचा बचावखर्च सरकारी निधीतून मागितला, तर त्या मागणीवर लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२० मध्येच आहे. काही बाबी विनियमांनी त्यातून वगळता येतात, पण ही मागणी घटनाकारांना ठाऊक होती, एवढं तरी कार्यालयाला सांगता येतं. त्या अनुच्छेदात "सेवेत असलेला" सोबत "सेवेत होता" असा माणूसही आहे.

निलंबन झालं असेल, तर त्या काळाच्या पगाराचा अर्ज वेगळा करा. तो मूलभूत नियम ५४-ब खाली येतो. दोन्ही मागण्या एकाच कागदावर आल्या की फाईल दोन टेबलांमध्ये अडकते.

अर्ज आवक शाखेत द्या आणि पोच घ्या. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या एका वर्षाच्या आत केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जाता येतं. नकार आला, तर वर्ष नकाराच्या तारखेपासून मोजतात. मुंबई खंडपीठाचं कामकाज नागपुरातही होतं, त्यामुळे मुंबईच्या खेपांच्या धास्तीने थांबू नका.