मोरॅटोरियम म्हणजे व्याजमाफी नव्हे

अरे, शैक्षणिक कर्ज घेताना बँकेतले साहेब ‘मोरॅटोरियम’ म्हणाले की हप्ता थांबलाय एवढंच समज. शिक्षण संपेपर्यंत आणि पुढे साधारण 1 वर्ष हप्ता नसतो, पण व्याजाचं मीटर चालूच. हिशोब करून बघ. दरवर्षी सुरुवातीला 1 लाख असं चार वर्षं उचललंस आणि 10 टक्के सरळव्याज धरलं, तर पाचव्या वर्षअखेर 4 लाखांवर 1 लाख 40 हजार व्याज चढलेलं असतं. हप्ता बसतो तो 5 लाख 40 हजारांवर! मला हे पहिला हप्ता आल्यावर कळलं. म्हणून जमेल तेवढं व्याज शिकतानाच भरत जा.

‘मार्जिन’ म्हणजे खर्चातला आपल्या खिशातला वाटा. 4 लाखांपर्यंतच्या कर्जाला तो सहसा नसतो. ‘कोलॅटरल’ म्हणजे तारण. आणि सहकर्जदार म्हणून बाबा सही करतात ना, ती नुसती साक्ष नव्हे, कर्ज त्यांच्याही डोक्यावर येतं.

कर्ज घेण्याआधी महाडीबीटीवरची, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरची, शिष्यवृत्ती बघ, ती फेडावी लागत नाही. उत्पन्नाचा दाखला मात्र आत्ताच काढून ठेव, प्रवेशाच्या दिवसांत तहसीलला ही लांब रांग असते.